'मादुरो'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'कडक' म्हणजे नेमकं काय?

एका चिरुटावर टिपण लिहितोय. त्याचं बाहेरचं वेष्टन काळ्याभोर पानाचं, चिरुटांच्या भाषेत 'मादुरो'. वाक्य असं झालंय : 'गडद वेष्टन, चव कडक.' वाचताना दोन्ही शब्द खटकतात. 'मादुरो'ला 'गडद' चालेल का?

— 'गडद' नको. तो 'ओस्कुरो' या त्याहून काळ्या वेष्टनासाठी राखून ठेवा, त्या शब्दाचा अर्थच तो. मादुरो म्हणजे स्पॅनिशमध्ये पिकलेलं. पण 'पिकलं पान' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आजोबा येतात, तंबाखू नाही! 'पक्व' फार पुस्तकी. मी 'मुरलेलं' म्हणेन. ओलसर पानांचे ढीग रचतात, ते आतून आपोआप तापतात, अमोनिया निघून जातो, मग ढीग मोडून पुन्हा रचतात. मादुरोच्या पानांचं हे जास्त दिवस चालतं. उग्रपणा ओसरतो, पान काळं पडतं. कामात मुरलेल्या माणसासारखंच : वेळ गेलेला दिसतो.

— मूळ अर्थाच्या मागे जायचं, तर 'लिगेरो'चं काय करणार? शब्दशः 'हलकं', आणि रोपाच्या शेंड्याकडची ही पानं सगळ्यांत जहाल. तिथे 'हलकं' लिहिलंत तर वाचक फसेल. 'मुरलेलं' मला पटतं, पण ते पानाचं खरं वर्णन आहे म्हणून, व्युत्पत्तीमुळे नव्हे.

— हे मान्य. खरा घोळ 'कडक'चा आहे. त्यात तीन गोष्टी कोंबल्या जातात. तोंडभर दाट, कोको-कॉफीसारखा धूर. त्याला 'भरीव' म्हणा. धूर नाकावाटे सोडताना मिरीसारखं झोंबतं, तो 'झणका'. आणि डोकं गरगरणं, घाम फुटणं. त्याला आपल्याकडे आयता शब्द आहे, तंबाखू 'लागते'. चिरुटाचा धूर छातीत घेत नाहीत, तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं, म्हणून लागते. हे तिन्ही एकत्र येतीलच असं नाही. काळं पान पाहून 'कडक' लिहिणं तर सरळ चूक; जोर बराचसा आतल्या पानांवर ठरतो.

— मग असं लिहितो : 'बाहेरचं पान मुरलेलं, धूर भरीव, झणका सुरुवातीला थोडा, पण लागत नाही.'

— छान. फक्त 'लागत नाही' हे शेवटच्या तिसऱ्या हिश्शानंतर लिहा. चिरूट आखूड होत जातो तसा धूर तापतो, आणि बऱ्याचदा जोरही तिथेच चढतो.