मदत हवी आहे: चादरीच्या कट पीसपासून भेटवस्तू, भांडवल १५ हजार

मंडळी नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. इथे चादरी-टॉवेलचे कट पीस किलोवर मिळतात. कुठे कडेचा पट्टा, कुठे विणताना दोष राहिलेला तुकडा. पण जकार्ड मागावर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेली ती नक्षी वाया घालवण्यासारखी अजिबात नसते. त्यातून पाऊच, बटवे, खांद्यावरच्या पिशव्या शिवून विकायचं मी पक्कं केलंय. हाताशी १५ हजार आहेत. घरखर्चाला हात न लावता एवढेच निघतात, आणि कर्ज काढायचं नाही.

ब्लाउज, फॉल-पिको मी करतेच. अडचण कापडाची आहे. चादर जाड, घरच्या मशीनवर १६ नंबरची सुई मोडते. १८ नंबर चालते, पण चेनपाशी चार पदर आले की टाका सुटतो. शिवाय कापलेली कड लगेच उसवते, म्हणून प्रत्येक तुकड्याला इंटरलॉक (कड दोऱ्याने गुंफून बंद करणारी शिलाई) हवंच. त्याचं वेगळं मशीन घेतलं तर कापडाला पैसे उरत नाहीत. काय करावं?

दुसरं भावाचं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाच्या वाणाला छोटे बटवे खपतील असं वाटतं. पण वाण डझनाने घेतात, आणि नग पन्नास रुपयांच्या आत हवा असतो. शिलाईचा वेळ धरला की ते बसत नाही. एक दुकानदार म्हणतात, माल ठेवा, खपेल तसे पैसे देतो. एवढ्याशा भांडवलात माल अडकवावा का?

शेजारच्या दोघी-तिघी विड्या वळतात. काम वाढलं तर हातशिलाई त्यांना नगावर द्यायची आहे. त्यांच्या मजुरीला कात्री लावून स्वस्त वाण विकणं मला नको, म्हणून भाव आधीच नीट बसवायचाय. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, इंटरलॉक मशीन आत्ता घेऊ नका. सगळे तुकडे एका मापात कापा आणि एकगठ्ठा बाहेर इंटरलॉक करायला द्या. कापण्याआधी मात्र कापड धुवून घ्या. सुती आहे, आटतं, आणि गडद रंग जातो. चेनच्या दोन्ही टोकांना अस्तराच्या पातळ कापडाची पट्टी लावा, म्हणजे चादरीचे पदर तिथे एकावर एक येणार नाहीत.

वाणाला बटवा नको. जाड कापड नाडीवर चुणत नाही. चष्म्याचं कव्हर करा: एकच तुकडा दुमडायचा, दोन बाजूंना शिलाई, वर टिच बटण. असे दहा नग सलग शिवून वेळ बघा. त्या वेळेची मजुरी, कापड, दोरा, बटण, इंटरलॉक, पॅकिंग, सगळं धरून भाव काढा. शेजारणींना द्यायची मजुरी तुमच्या हिशोबात पहिल्या दिवसापासून धरा, नाहीतर पुढे वाढवता येत नाही. पन्नासात बसलं नाही तर वाणाचा नाद सोडून पिशव्यांवर भर द्या.

दुकानात नमुन्यापुरते पाच-सहा नग ठेवा, पावती लिहून घ्या. वाणाची ऑर्डर निम्मे पैसे आधी घेऊनच. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. यात्रेत स्टॉल लावायचा विचार असेल, तर तो पहिल्या वर्षी नको.