येन चेनछिंगचा शोकलेख: एवढी खाडाखोड, तरी एवढा ग्रेट का?

कटनिब
मी देवनागरी सुलेखन करते, हौशीच. सध्या चिनी कॅलिग्राफीचं खूळ डोक्यात शिरलंय, आणि जिथे वाचावं तिथे येन चेनछिंगने (थांग राजवटीतला अधिकारी आणि सुलेखनकार) मेलेल्या पुतण्यासाठी लिहिलेल्या शोकलेखाचा कच्चा मसुदा येतोच. इ.स. 758 चा, तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये असतो. फोटो झूम करकरून बघितला. शब्द खोडलेत, बाजूला काहीतरी घुसडलंय, शाई संपत आली तरी बाबा लिहितोच आहे! आमच्या क्लासात असा कागद दिला असता तर तसाच परत आला असता. आणि याला म्हणे रनिंग स्क्रिप्टमध्ये (भरभर, थोडं जोडून लिहायची चिनी लिपीशैली) जगात दुसरा नंबर. मला चिनी येत नाही, तेव्हा मजकूर राहू दे, नुसत्या अक्षरांत काय बघायचं ते सांगा ना कोणीतरी.

शाईचा_डाग
आधी सुबकपणा बाजूला ठेव. त्याला सुबक येत नव्हतं असं अजिबात नाही, 752 चा दोबाओ पॅगोड्याचा शिलालेख बघ, एकेक अक्षर तासून बसवल्यासारखं आहे. हा कागद त्याच्या सहा वर्षांनंतरचा.

आता उजवीकडून सुरुवात कर, ओळी उभ्या आहेत आणि उजवीकडून डावीकडे जातात. सुरुवातीला तारीख आणि त्याची स्वतःची पदं-बिदं आहेत, तिथे हात शांत, अक्षरं सुटी. मग पुतण्याचे गुण येतात. आणि मग शहराला वेढा पडला, मदत आली नाही, बाप अडकला, पोरगा मेला, घरटं कोसळलं नि अंडी फुटली असं जिथे लिहिलंय तिथे अक्षरं एकदम मोठी आणि जाड होतात बघ, खाडाखोडही तिथेच दाटलीय. शेवटाकडे तर एकातून दुसरं ओढत नेलंय. म्हणजे हात कुठे अडला, कुठे सुटला हे साडेबाराशे वर्षांनी आपल्याला दिसतंय, भाषा येत नसली तरी.

दुसरं म्हणजे शाई. ब्रश एकदा बुडवला की पार कोरडा होईपर्यंत चालवलाय, ओल्या काळ्याकुट्ट अक्षरापासून ते मधून कागद दिसतो अशा खरखरीत फटकाऱ्यापर्यंत, आणि मग परत बुडवलाय. पण गंमत अशी की रेघ कोरडी पडली तरी लेचीपेची होत नाही कारण ब्रशचं टोक तो रेघेच्या मधोमध ठेवतो, दोन्ही कडा गोलसर राहतात. तुझ्या कट निबला (तिरकं कापलेलं टोक) जाड-बारीक येतं ते कोनामुळे, इथे ते दाबातून येतं आणि दाब क्षणाक्षणाला बदलतोय. हे सगळ्यात अवघड आहे आणि फोटोत हे सगळ्यात आधी निसटतं.

तिरपागडा
गोष्ट काढून टाका, मग बोलू. आन लुशान या सेनापतीने थांग दरबाराविरुद्ध केलेल्या बंडात येनचा चुलतभाऊ आणि त्याचा पोरगा, म्हणजे हाच पुतण्या, मारले गेले, पोराचं नुसतं शीर हाती लागलं, हे कळल्यावर कोणाला ते अक्षर भारी वाटणार नाही? त्यात 785 मध्ये हा स्वतःही दुसऱ्या बंडखोराच्या हातून मेला, दरबाराशी निष्ठा सोडली नाही म्हणून. मला तरी वाटतं मार्क माणसाला दिलेत, कागदाला नाही.

शाईचा_डाग
अर्धं मान्य. चिनी समीक्षक माणूस आणि अक्षर वेगळे काढतच नाहीत, आणि हे ते लपवतही नाहीत. पण मग पहिला नंबर कोणाला आहे बघ, वांग शिझी या जुन्या सुलेखनकाराची लानथिंग प्रस्तावना, 353 ची. वसंतात मित्रमंडळी ओढ्याकाठी जमलेली, दारूचे पेले पाण्यात सोडलेले, कविता चाललेल्या, त्या कवितांची ही प्रस्तावना. तिसरा नंबर कवी सू शीच्या 1082 च्या कवितांचा, हद्दपारीत पाऊस, होडीसारखं इवलं घर, मोडक्या चुलीत ओलं लव्हाळं. मेलेलं कोणीच नाही. तिन्हींत सारखं काय तर तिन्ही मसुदे आहेत आणि तिन्हींत खाडाखोड आहे! चांगलं दिसायचं म्हणून कोणीच बसलेला नाही, आणि तरीही आयुष्यभराचा रियाझ हातातून निघत राहतो, मला वाटतं त्यालाच हे मार्क आहेत. बिनरियाजाचा माणूस शोकात लिहायला बसला तर नुसतं गिचमिड येईल.

तोक्योकर
यात एक भर. लानथिंगचं मूळ हरवलंय, थांग सम्राट ताइझोंगने ते आपल्याबरोबर पुरायला लावलं अशी आख्यायिका आहे, आज आहेत त्या सगळ्या नकला. त्यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे अक्षराच्या कडा गिरवून आत शाई भरलेली. नक्कल कितीही चांगली असो, ती सावकाशच करावी लागते, वेग तिथे ओतता येत नाही. येनचा कागद मात्र त्याच्याच हातचा मानतात, म्हणून मला तर नंबर उलटे लावावेसे वाटतात.

2019 मध्ये तो तोक्यो नॅशनल म्युझियमला आला होता तेव्हा बघितलाय. भलीमोठी रांग, समोर पोचलं की थांबू देत नाहीत, चालत राहा चालत राहा. आणि आहे केवढासा, उंची जेमतेम 28 सेंमी आणि लांबी 75 च्या आसपास! नंतरच्या सम्राटांनी नि संग्राहकांनी वर लाल शिक्के मारून ठेवलेत, त्यातला सम्राट छियानलाँग तर कुठल्याही चित्राला सोडत नाही, वैताग. इतका नाजूक कागद देशाबाहेर पाठवला म्हणून तेव्हा तैवान आणि चीन दोन्हीकडे लोक जाम भडकले होते.

कटनिब
वा, तो जाड झालेला भाग सापडला. आता एकदा गिरवून बघायची खाज सुटलीय. कुठून सुरू करू?

शाईचा_डाग
यापासून नको, गिचमिडीचीच नक्कल होईल. त्याचीच रेग्युलर स्क्रिप्ट (सुटी, नीट बसवलेली अक्षरं) घे, त्याने पणजोबा येन छिनलीसाठी लिहिलेला 779 चा शिलालेख शिआनच्या शिलालेख म्युझियममध्ये आहे, त्याचे ठसे (दगडावर कागद लावून शाईने उठवलेल्या प्रती) नेटवर मिळतात. ब्रश सरळ उभा धर, मनगट टेकू नकोस, आणि सुरुवातीला फक्त आडव्या रेघा.