मदत हवी आहे : नेपाळचा उठावाचा नकाशा
कागदाच्या लगद्याचा करायचाय. १ सेंमी = १० किमी धरलं की देश सुमारे ८८ सेंमी लांब होतो, पण ८,८४८.८६ मीटरचं एव्हरेस्ट पुरतं एक सेंमीही भरत नाही. म्हणून उंची पाचपट घेतली: एव्हरेस्ट ४.४ सेंमी, तराई जवळपास सपाट.

अडतंय काली गंडकी नदीपाशी. धौलागिरी (८,१६७ मी.) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मी.) यांच्यात जेमतेम साडेतीन सेंमी अंतर, आणि नदीचं पात्र मध्ये सव्वा सेंमी उंचीवर. एवढ्या उभ्या उतारावर ओला लगदा घसरतो, जाड थर वाळताना तडकतो. पातळ थर एकेक वाळवत चढवावेत, की आत पुठ्ठ्याच्या पायऱ्या द्याव्यात? दरी बुजवणं मात्र नको. हिमालय उंचावत असतानाही तो कापत आलेली नदी आहे ती!