मदत हवी आहे: जॅझ अल्बमचा साउंड नक्की ठरवतं कोण?

मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. ब्लू नोट आणि प्रेस्टिज, या दोन्ही जॅझ लेबलांचे (म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांचे) १९५० च्या दशकातले बरेच अल्बम रूडी व्हॅन गेल्डरनेच रेकॉर्ड केलेत, तेही अमेरिकेत न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या हॉलमध्ये, म्हणजे इंजिनिअर तोच, खोली तीच, वादकही बऱ्याचदा तेच, तरी ब्लू नोटचं कसं बांधीव वाटतं आणि प्रेस्टिजचं बसले आणि वाजवलं असं. ब्लू नोटचा प्रोड्यूसर आल्फ्रेड लायन रिहर्सलचे वेगळे पैसे द्यायचा, प्रेस्टिजवाले ते टाळायचे, एवढं माहितीये. पण सगळा फरक फक्त रिहर्सलमुळेच पडतो का? मला नाही पटत. माइक लावताना, कुठलं वाद्य किती मोठं ऐकू यावं हा बॅलन्स ठरवताना लायन कितपत मधे पडायचा?

आणि मग इसीएम हे जर्मन लेबल. त्याचा प्रोड्यूसर मॅनफ्रेड आयकरच्या अल्बममध्ये झांज वाजली की तिची शेपटी कितीतरी वेळ हवेत राहते. हा रिव्हर्ब (घुमारा) खोलीचा की नंतर मशीनवर चढवलेला? (कधीकधी अती होतं ते, असो.)

प्रोड्यूसर टिओ मॅसेरोचं तर विचारूच नका, ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९६९ च्या 'इन अ सायलेंट वे'मध्ये त्याने रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना सुरुवातीचा तुकडा टेप कापून शेवटी परत जोडलाय! मग अशा अल्बमचा कंपोझर कोणाला म्हणायचं?

निव्वळ कानांनी प्रोड्यूसरचा हात ओळखायचा तर कुठून सुरुवात करू? एकाच वादकाचे दोन लेबलांवरचे अल्बम सुचवा ना, शेजारी शेजारी लावून ऐकतो.