मॅटाडोर, ट्रॅव्हलर आणि मधला मोठा बदल

ट्रॅव्हलर व्हॅन म्हणजे जुन्या मॅटाडोर व्हॅनचीच सुधारलेली पिढी, असं कोणीतरी लिहिलंय. कारखाना एकच, पुण्याजवळ आकुर्डीचा बजाज टेम्पो (२००५ पासून फोर्स मोटर्स), पण गाड्यांची घराणी वेगळी आहेत.

मॅटाडोर मूळची हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीची. आपल्याकडे ती १९६९ च्या सुमारास आली. तिचं खरं वैशिष्ट्य म्हणजे पुढच्या चाकांना ताकद. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) इथे नाहीच, त्यामुळे गाडीच्या तळाची फळी जमिनीलगत बसवता आली. भाजीची पोती, सिलिंडर, शाळेची मुलं, सगळ्यांची चढउतार सोपी. पण याच रचनेची उणी बाजू घाटात दिसते. माल भरलेला, वर चढण, म्हणजे वजन मागच्या चाकांकडे सरकतं आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. पुढे मर्सिडीजचं २.४ लिटरचं ओएम ६१६ डिझेल इंजिन मिळालं आणि गाडीचं आयुष्य वाढलं. माझ्या मते भारतात व्हॅनमध्ये बसलेल्या इंजिनांत याच्याइतकं सोशिक दुसरं नाही.

ट्रॅव्हलर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. तिचा आराखडा मर्सिडीजच्या टी १ व्हॅनचा, जी जर्मनीत १९७७ मध्ये आली होती. इथे ताकद मागच्या चाकांना. फळी उंचावली, पण लांबी, आसनं आणि घाटातली पकड यांत मोठा फरक पडला. म्हणूनच रुग्णवाहिका आणि सहलीच्या गाड्या तिच्याकडे वळल्या.

फोर्सच्याच नव्या अर्बानिया व्हॅनची तुलना करायचीच तर ट्रॅव्हलरशी करा, मॅटाडोरशी नको.