चिन्नोरची डीएनए तपासणी करून घ्यावी काय?

बांधीवाला, लाखांदूर:
नमस्कार. आमच्याकडे पाऊण एकरात चिन्नोर, म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ, असतो. बियाणं आजोबांपासूनचं. माय दरसाल उभ्या धानातून लोंब्या निवडते, वेगळ्या ढोलीत ठेवते. भारी म्हणजे उशिरा निघणारा धान, उंच वाढतो, वारा सुटला की लोळतो, पण आम्ही सोडला नाही.

यंदा नागपुरात एका दुकानदाराला तांदूळ दाखवला. चार दाणे चावले आणि म्हणाला, "चिन्नोर म्हणून सगळेच येतात, पुरावा काय?" त्याच्याच दुकानातल्या पोत्यावर ‘अस्सल चिन्नोर’ लिहिलं होतं. किलोभर घेऊन आलो. झाकण काढलं तरी चुलीपाशी वास नाही. माय ताटावरून उठली. लय जिवाला लागलं.

बासमतीची डीएनए तपासणी होते म्हणतात. आमच्या तांदळाची होईल काय? आणि ‘लाखांदूरचाच’ असं लिहून मिळेल काय?

पवनीकर:
दादा, मी सात वर्षं बियाण्याच्या लॅबमध्ये होतो. लाखांदूरचं लिहून मिळणार नाही. डीएनए जात सांगतो, शिवार सांगत नाही. तुमचंच बियाणं पंजाबात पेरलं तरी निकाल तोच येईल. माती-पाण्याचा माग समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या) तपासणीत लागतो, ते काम वेगळं.

जात मात्र पटवता येते. त्यासाठी तुलनेला खात्रीचा चिन्नोर हवा. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात आधी त्याची चौकशी करा. लॅबला विचारा, किती मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखीच्या खुणा, तपासता? नुसता सुगंधाचा जीन पाहून भागत नाही. बीएडीएच२ नावाच्या जीनमधली डीएनएची आठ अक्षरं गळालेली असली की दाण्यात वास तयार होतो, आणि ही खूण बासमतीत आहे, थायलंडच्या जास्मिनमध्येही आहे. तेवढ्यावर ‘सुगंधी’ ठरेल, ‘चिन्नोर’ नाही.

तांदूळ नका पाठवू. पॉलिशमध्ये अंकुर निघून जातो, डीएनए कमी मिळतो. धानच द्या, नाहीतर ओल्या फडक्यात मोड आणून कोवळं पान द्या. आणि दाणे एकत्र दळून नको, सुटे तपासा म्हणावं, म्हणजे शंभरात किती परके ते कळतं. ब्रिटनच्या 2005 च्या नियमावलीत बासमतीत 7 टक्क्यांपर्यंत दुसरा तांदूळ चालवून घेतला आहे.

सिंदेवाहीची ताई:
भाऊ, आधी घरचा धान पाहा. आमच्या गटानं तपासणी केली तर आमच्याच पोत्यात परके दाणे निघाले. रडू आलं होतं. धानात परागीकरण आपल्या फुलातच होतं, त्यामुळे संकर फारसा होत नाही. भेसळ झाली ती हार्वेस्टरमधून. तो आधी शेजारच्या बांधीत चालला होता, त्याच्या पोटातला धान आमच्यात सांडला. राईस मिलमध्येही तसंच, आधीच्या गिऱ्हाईकाचा तांदूळ यंत्रात राहतोच.

आता बियाण्यापुरता धान विळ्यानं कापतो, ताडपत्रीवर हातानं झोडतो. निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, बांधीत फिरून वेगळी दिसणारी झाडं उपटतो. तुमची माय करते तेच खरं काम आहे जी. नागभीडजवळच्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी एचएमटी हा धानाचा वाण असाच लोंबी लोंबी निवडून उभा केला. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवताही येतं, तेही विचारून घ्या.

बांधीवाला, लाखांदूर:
ताई, आमचाही हार्वेस्टर भाड्याचाच होता, म्हणजे पोत्यातला धान पाठवण्यात अर्थ नाही. ढोलीतल्या लोंब्या हातानं खुडलेल्या आहेत. मायनं त्यातल्या वीस फडक्यात बांधून दिल्या. सोमवारी साकोलीला जातो.