चवथीची कामं: मापासकट लिहा, अंदाजाने नको

मांडवीकाठ
गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली; बाजारात कवंडळं, ती सजावटीची रानफळं, आली आहेत. ती तांबडीलाल रास बघितली की जुनं घर आठवतं. पडवीत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या लाकडी चौकटीचं) सामान, आत रगड्यावर तांदूळ, मागच्या दारी घुमटं (आरतीची मातीची चर्मवाद्यं) उन्हात. तेव्हा घरात माणसं भरपूर, प्रत्येकाचं काम ठरलेलं. आता चवथीला सगळे एकत्र जमतात खरे, पण काम येणारे एकदोघेच उरलेत. त्यांना विचारलं तर "हाताला कळतं गो" म्हणतात. नव्या मुलांच्या हाताला अजून कळलेलं नसतं. म्हणून ज्यांना येतं त्यांनी मापं, क्रम आणि काय बिघडतं ते लिहा.

शिरोडकरीण
पातोळ्या, म्हणजे हळदीच्या पानात उकडलेलं तांदळाचं गोड पक्वान्न. अर्धा किलो तांदूळ, चार तास भिजत. उकडा घेतला तर रात्रभर ठेवा, नाहीतर वाटताना कणी राहते. वाटताना पाणी चमच्याचमच्याने घाला. पान तिरकं धरल्यावर पीठ ओघळता कामा नये. मीठ चिमूटभर.
चून (आतलं सारण): एक मोठा नारळ, पाव किलो माडाचा गूळ, वेलची. गूळ-खोबरं कालवून ठेवलं की पाणी सुटतं आणि ते पातोळीतून गळतं, म्हणून चून मंद आचेवर कोरडं करून गार करा.
हळदीचं पान धुऊन पुसा. मधली शीर जाड असेल तर मागच्या बाजूने सुरीने तासा, नाहीतर घडी घालताना पान तिथेच चिरतं. पीठ बोटांनी पातळ पसरा. सगळे चुकतात ते इथेच: थर जाड झाला की आतून कच्चा राहतो आणि गार झाल्यावर चिवट लागतो. कडेला बोटभर जागा सोडा, चून अर्ध्या भागावरच ठेवा, पान उभं दुमडा. पाण्याला वाफ आल्यावर १२ ते १५ मिनिटं. पानाचा हिरवा रंग उतरला की झालं. लगेच सोलू नका, पीठ पानाला चिकटतं. जरा निवलं की पान आपोआप सुटतं.

बाणावली_वाट
ताई, १५ ऑगस्टला ख्रिस्ती घरांतही याच पातोळ्या होतात, सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला. त्या दिवसांत हळदीची पानं लवकर संपतात, सकाळीच जा.

सत्तरीचो
माटोळीबद्दल लिहितो, कारण पडण्याचे प्रकार होतात आणि ते टाळता येतात.
चौकट गणपतीच्या आसनापेक्षा सगळ्या बाजूंनी जास्त हवी. आधी रिकामी चौकट टांगून, धरून लोंबकळून बघा. जुन्या घरात वाशाला कड्या असतात. फ्लॅटच्या फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नका, स्लॅबमध्ये हूक मारून घ्या. जड वस्तू आधी आणि दोराच्या जवळ: नारळाची जोड, भोपळा, तोरिंजन, निरफणस. मध्ये हलकं: सुपारीची शिपटी, आंबाडे, फागलां, कांगल्यो, माट्टी, घागऱ्यो. मूर्तीच्या बरोबर वर जड काही नको.
बांधायला कुमयाच्या (कुंभा या रानझाडाच्या) सालीचा दोर. तो आधी भिजवून मऊ करा, सुकला की गाठ आवळते. नायलॉन गुळगुळीत, चिबडावरून सरकतो. चिबूड आणि केळ्यांचा घड कच्चाच घ्या. पाच दिवसांच्या गणपतीला पिकलेला चिबूड तिसऱ्या दिवशी फुटतो. घड असा बांधा की बाकीचं न हलवता काढता येईल.
आणि एक कळकळीने सांगतो. रानातून आणताना वेल ओढून काढू नका, फळापुरता तुकडा कापा. मुळासकट उपटली की पुढच्या वर्षी तिथे काही नसतं. कवंडळ, कळलावी ही फक्त सजावटीला, दोन्ही विषारी. लहान मुलांच्या हाताला लागतील अशी बांधू नका.

आल्तिन्यो
कुमयाचा दोर पणजीत मिळतो का?

सत्तरीचो
माटोळीच्या बाजारात गावच्या बायका घेऊन बसतात. डिचोली, साखळीला जास्त मिळेल. नाहीच मिळाला तर केळीचं सोपट, पण फक्त हलक्या वस्तूंना.

काकी_फोंडा
नेवऱ्या (करंज्या) मऊ का पडतात ते सांगते, पुन्हा पुन्हा विचारतात. एक म्हणजे सारणात ओल. दुसरं, तेल फार तापलेलं. पारीवर फोड येतात, रंग लवकर चढतो, आत कच्चं राहतं. मंद आच, थोड्या थोड्या सोडा, झाऱ्याने वरून तेल उडवा. लाटलेल्या नेवऱ्या ओल्या फडक्याखाली ठेवा, सुकल्या की कड उघडते. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. जाऊबाईंना सांगितलं तरी घाई करतात 🙂

पुण्यात_गोंयकार
खतखत्याचं (कंद-भाज्या आणि डाळीच्या त्या मिसळीचं) कुणीतरी लिहा हो. इथे केलं की सगळा लगदा होतो.

शिरोडकरीण
भाऊ, भाज्या एकदम घालत असाल. तूरडाळ वेगळी शिजवा, पूर्ण मोडू देऊ नका. आधी सुरण, कणंग, माडी, मक्याचे तुकडे. ते अर्धे शिजले की मुळा, शेवग्याची शेंग, कच्चं केळं. भोपळा अगदी शेवटी. पाच भाज्या तरी हव्याच. मग वाटलेलं खोबरं, सुकी मिरची, हळद. सोलां (आमसुलं) आणि गूळ त्यानंतर. आंबट आधी पडलं तर कंद शिजत नाहीत. पण सोलां विसरू नका, माडी-सुरणाची खाज त्यानेच मोडते.
तेफळं (तिरफळं) दहाबारा, आतली काळी बी काढून टाका, साल थोड्या पाण्यात ठेचून तेच पाणी सालीसकट घाला. मसाल्यात वाटलं तर कडवट होतं. घातल्यावर एक उकळी, बस. कांदा-लसूण नाही.

मांडवीकाठ
हेच हवं होतं. देव बरें करूं ताई.

घुमटवादक_माशेल
घुमटाला आता बकऱ्याचं कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित आहे. २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली तीही या बदलानंतरच.
कातडं भिजवून मोठ्या तोंडावर ताणायचं, दोरीने करकचून आवळायचं, सावलीत सुकवायचं. कडक उन्हात सुकवलं तर एका बाजूला ओढ जास्त बसते आणि आवाज फाटतो. भाद्रपदात हवा दमट, त्यामुळे कातडं सैल पडून आवाज भद्द होतो. आरतीआधी निखाऱ्यापासून हातभर लांब धरून शेक द्या, फिरवत राहा. मागचं लहान तोंड डाव्या पंज्याने उघडझाप करायचं, स्वर तिथे बदलतो. शिकणारी मुलं फक्त उजव्या हाताकडे बघतात. साथीच्या शामेळ (ढोल) आणि कासाळ्याचा (झांजेचा) ठेका पक्का झाल्याशिवाय घुमट हातात देऊ नका.

बाणावली_वाट
काही घरांत मातीची मूर्ती नसते, कागदावर काढलेला गणपती किंवा नुसती पत्री पुजतात. इन्क्विझिशनच्या काळात (१५६० ते १८१२) लपवून पूजा करावी लागली त्याची ही आठवण, असं जुनी माणसं सांगतात. अशा घरात सून म्हणून गेलात तर "मूर्ती आणूया" म्हणू नका. विचारा, ऐका, लिहून ठेवा.

आल्तिन्यो
पंचमीला नव्याचं (नव्या भाताचं) कणस आणतात त्याचं काय करायचं?

काकी_फोंडा
गणपतीपुढे पूजा करून दाराला बांधायचं. दाणे गळतील म्हणून आंब्याच्या पानांत गुंडाळून बांधा. शेत नसेल तर शेजाऱ्याकडून मागा, कुणी नाही म्हणत नाही.

पुण्यात_गोंयकार
तेफळं वर्षभर टिकतात का? येताना घेऊन यायचा विचार आहे.

शिरोडकरीण
कडकडीत सुकलेली असतील तर हो. काचेच्या बरणीत, उजेडापासून लांब. वास गेला की टाकून द्या, नुसत्या साली उरतात.